पाकिटातली गुणगुण

वेधशाळेत तिला सगळे गाळणीबाई म्हणत, अगदी तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे, कामच तसं होतं. अंतराळात तीन यानं एकमेकांवर लेसर रोखून फिरत होती. त्यांच्यातलं अंतर अणूहून कमी हललं तरी खाली आकडे येत. त्या आकड्यांतून यानांची थरथर, ताऱ्यांच्या जोड्यांचा गलका, सगळं गाळत जायचं आणि शेवटी विश्वाच्या जन्मवेळेची गुणगुण उरते का ते बघायचं. सात वर्षं काही म्हणता काही उरलं नाही. यंदा उरलं, आणि बाई हरखून गेली.

आता या लोकांची एक रीत ऐका. माणसं जागी आहेत की डुलक्या काढताहेत हे कळावं म्हणून कधीतरी कुणी एक जण गुपचूप आकड्यांत खोटा संकेत मिसळतो. त्याची चिठ्ठी बंद पाकिटात राहते, ती सगळी तपासणी संपल्यावरच उघडायची. रीतीबद्दल माझं काही म्हणणं नाही.

तिचा नवरा तिथंच, यानांची घड्याळं जुळवायच्या विभागात. संध्याकाळी कांदा चिरता चिरता तो विचारी, "मग, आज कुठवर आली तुझी गुणगुण?" आणि ती भडाभडा सांगत सुटे. घरच्या माणसापाशी कसली आलीय लपवाछपवी!

आईचं दुखणं बळावल्याचा भावाचा फोन आला, तशी ती बॅग भरून दारात उभी राहिली. "दोन दिवसांत शेवटची तपासणी संपेल. मग निघू का रे?" तिनं विचारलं. नवऱ्यानं मुकाट्यानं बॅग उचलून आत ठेवली. तिसऱ्या दिवशी आई गेली.

महिन्याभरानं सभेत पाकीट उघडलं. साहेबांनी चिठ्ठी वर धरली. नाव वाचायची गरजच पडली नाही. घरच्या किराण्याच्या यादीत नवरा काढायचा तोच शेपटीवाला सात तिनं लांबूनच ओळखला. खोटा संकेत अचूक पकडला म्हणून लोकांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. जळल्या त्या टाळ्या.

घरी तो म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर परीक्षेला अर्थ काय राहिला असता? शब्द दिला होता मी."

"गुपित कोण मागतंय तुझ्याकडे? बॅग दारात होती. नुसतं 'जा' म्हणायचंस. त्यानं कुठलं पाकीट फुटणार होतं?"

परक्यानं फसवलं असतं तर ती चार शिव्या देऊन मोकळी झाली असती. इथं घरच्यानंच केसानं गळा कापला होता. तिनं तीच बॅग पुन्हा काढली, भावाला फोन लावला आणि आईचं अंथरूण अजून तसंच आहे का, एवढंच विचारलं.