अकरा फळ्या आणि एक शब्द

आमच्या नाट्यगृहाचे सुतार, म्हणजे मिस्त्री, चिडले की कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवत. त्या दिवशी त्यांनी ती मोडली.

इंजिनियरच्या अहवालात रंगमंचाबद्दल लिहिलं होतं, ‘होपलेसली डॅमेज्ड’. तेवढ्या आधारावर तो उखडून सपाट फरशी घालायची आणि हॉल समारंभांना द्यायचा, असं समितीत घाटत होतं. समितीवर मीही होतो. अहवालाखाली माझी झोकदार सही होती.

“राजे,” मिस्त्री म्हणाले. जन्मभर नाटकांत मी मुकुट घालूनच उभा राहिलो, म्हणून ही पदवी. “डॅमेज मला कळतं. त्याच्या आधीचं हे काय?”

मी शब्दकोश काढला. होप म्हणजे आशा, पार जुन्या इंग्रजीपासूनची. तिला चिकटलेला लेस म्हणजे ‘कमी’ नव्हे, ‘विना’. वर ली लागला की झालं ‘आशा सोडून’, ‘हताशपणे’. मुळात हे माणसाच्या वागण्याबद्दल. मग लोक ते कशालाही लावू लागले. वाट पार चुकली, होपलेसली. प्रेमात आकंठ बुडाला, तरी होपलेसली.

“म्हणजे आशा माणसानं सोडायची आणि नाव लाकडाचं घ्यायचं!” मिस्त्री कडाडले. “त्या इंजिनियरनं एक तरी फळी ठोकून बघितली? तुम्ही बघितलीत?”

शब्द भारदस्त वाटला, म्हणून मी सही ठोकली होती.

हा रंगमंच मिस्त्रींनी ऐन विशीत, आपल्या उस्तादांच्या हाताखाली बांधला. मिस्त्रींच्या हाताची सफाई बघूनच उस्तादांनी त्यांना जावई करून घेतलं. वहिनी अजून म्हणतात, “बापानं ह्यांना मुलगी दिली की फळ्या, तेच कळलं नाही. घरचं दार वर्षभर करकरतंय, ते नाही ऐकू येत!”

पुढचे तीन दिवस मिस्त्री रंगमंचाखाली पाठीवर सरपटत होते. वर येऊन एकेक फळी हातोडीने वाजवत. खणखणीत वाजली की पुढे. बद्द आवाज आला की खडूची फुली. एकशे चौऱ्याण्णव फळ्या, अकरा फुल्या.

चौथ्या दिवशी त्यांनी समितीला आणि इंजिनियरला खुर्च्यांवर बसूच दिलं नाही. “वर या. चाला.”

इंजिनियर हसला. “काका, एवढं काय मनावर घेता? तशी लिहायची पद्धत असते.”

“पद्धत?” मिस्त्रींचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मला उभ्या हयातीत तसा लावता आला नाही. “डॉक्टर नाडी न बघता ‘गेला’ म्हणाला, तर त्याला पद्धत म्हणाल? खराब लिहा. अकरा ठिकाणी लिहा. पण जी आशा तुम्ही धरलीच नाही, ती सोडता कशी?”

आणि साठी ओलांडलेल्या त्या माणसाने मधोमध उडी मारली. दाणकन! धूळ उडाली, फळी हलली नाही. मग इंजिनियरकडे बोट. “आता तुम्ही.”

तो फुल्यांकडे बघत बिचकत उभा राहिला. मला माझीच चीड आली. मी पुढे होऊन अहवालावरची माझी सही खोडली. माझं बघून समितीतल्या दोघांनी आपापली खोडली. इंजिनियरने मान खाली घालून तो शब्द कापला, वर ‘अकरा फळ्या बदलणे’ असं लिहिलं आणि म्हणाला, “सॉरी, काका.”

“सॉरी नको. सागवान मागवा.”

मला वाटलं, आता मिस्त्री माझ्या खांद्यावर हात टाकतील. त्यांनी साधं बघितलंही नाही. आठवड्याने लाकूड आलं, तेव्हा मी हात पुसत जवळ गेलो आणि माफीचं एक चांगलंसं वाक्य सुरू केलं.

“तोंड बंद,” ते म्हणाले. “फळीचं ते टोक धरा. सरळ धरा, राजे.”

मी धरलं.