बारदान वजा ईश्वरप्पा

ईश्वरप्पाच्या डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली, तेव्हा त्याने आधी कुकरवर आळ घेतला. मग पंख्यावर, मग शेजाऱ्याच्या पाण्याच्या मोटारीवर. सगळं बंद करून पाहिलं, तरी शिट्टी चालूच. आता घरात वाजणारं एकच उरलं होतं, आणि ती त्याची बायको होती. सिद्धम्मा सकाळच्या चहाला बोलायला सुरुवात करायची, ती रात्री डोळा लागेपर्यंत. "तुझ्या बडबडीनंच कान वाजतोय," असं तो एका दुपारी बोलून गेला. सिद्धम्माने वाद घातला नाही. "कान गप झाला की न्यायला या," म्हणाली आणि पिशवी भरून दुधनीला भावाकडे निघून गेली.

घर गप्प झालं आणि शिट्टीला रान मोकळं मिळालं. ईश्वरप्पा मनातून पार घाबरला. बायको नाही, झोप नाही, आणि जेवायला ताटासमोर बसलं तरी कानात कुईं.

डॉक्टरीणबाईंनी कान तपासला. "ऐकायला थोडं कमी येतंय, काका. रक्तदाब वाढलाय, वजनही फार आहे. दहाएक किलो उतरवा, रोज चाला. झोप सुधारली की त्रास कमी वाटू शकतो. पण शिट्टी जाईलच, अशी खात्री नाही देता येत."

ईश्वरप्पा मार्केट यार्डात तोलार. उभा जन्म काट्यापाशी गेलेला. त्याने 'दहा किलो' एवढंच उचललं आणि बाकीचं बाईंच्या टेबलावर सोडून आला. दहा किलो द्यायचे, शिट्टी जाणार, सिद्धम्मा येणार. सौदा पक्का!

मग तो सकाळी कंबर तलावाला फेऱ्या मारू लागला. तेल तोडलं, शेंगाचटणी सोडली. सोलापुरात राहून शेंगाचटणी सोडणं काय असतं, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. वजन मात्र यार्डातल्याच काट्यावर. आणि यार्डाचा रिवाज असा, की माल पोत्यासकट तोलायचा आणि मग पोत्याचं वजन, म्हणजे बारदान, वजा करायचं. ईश्वरप्पाने स्वतःलाही तोच न्याय लावला. कपडे वजा, चष्मा वजा, किल्ल्या वजा.

"आन सकाळची भाकरी बी काढ," तो सिद्धराम हमालाला म्हणाला.

"भाकरी कशी काय बारदान, अण्णा? ती तर पोटात हाय की!"

"अजून अंगी लागली न्हाय. तवर ती माझी न्हवं."

पुढे सुजलेला गुडघाही वजा झाला. खरं बोलायचं तर आठ किलो माणूस मनापासून झिजला होता, झोपही लागत होती. उरलेले दोन बारदानात गेले. शिट्टी तेवढी होती तिथेच. पण व्यापारी कुठे माल पोचल्या पोचल्या पैसे चुकते करतो? होईल संध्याकाळपर्यंत बंद, असं म्हणत त्याने दुधनीची एसटी धरली.

मेव्हणा शरणप्पा अडत्या. "बर्री, बर्री!" असं कानडीत या-या करत त्याने स्वागत केलं. पाव्हण्याने जुना आकडा सांगून 'धा किलो उतरवलं' म्हणताच त्याला थेट दुकानातल्या काट्यावरच चढवलं. "दाजी, ह्ये तर आठच उतरलंय. दोन किलो कुटं हायत?"

"बारदान," ईश्वरप्पा पुटपुटला. दुकानातले हमाल पोत्यांवर पडून हसले.

हसण्याच्या आवाजाने सिद्धम्मा आतून आली. नवऱ्याची सैल पँट तिने खालीवर पाहिली. "किलोचं मरू द्या. कान वाजतोय का अजून?"

नाही म्हटलं की ती येणार होती. ईश्वरप्पाने तोंड उघडलं, पण खोटं काही बाहेर येईना.

"वाजतोय. पयल्यावानीच," तो म्हणाला. "तुजं त्यात काय न्हवतं. मीच येडा. घरात तू न्हाईस तर त्यो एकटाच वाजतोय बग."

सिद्धम्मा वळून आत गेली. ती बाहेर आली, ती पिशवी घेऊनच.

परतीच्या एसटीत तिने भावजयीपासून सुरुवात केली. भावजय, तिची म्हैस, म्हशीवरून झालेलं भांडण. अक्कलकोटच्या स्टँडवर गाडी थांबली, तशी तीही थांबली आणि तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली. लगेच कानात कुईं सुरू झालं.

ईश्वरप्पा घाईघाईने तिच्याकडे वळला. "मंग? म्हशीचं म्होरं काय झालं?"