आखाजीच्या दुपारचा रन चेस

आखाजीला, म्हणजे आमच्या खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेला, माहेरी सावद्याला गेले की मला एकच गोष्ट हवी असते, झोप. धुळ्याला देवपूरच्या घरी पहाटे नळाला पाणी येतं, मग डबे, मग सासऱ्यांचा चहा, मग माझी शाळा. नवरा वाईट नाही, सासूही नाही. पण उन्हं वर आली तरी कोणी हाक मारत नाही असं घर मला फक्त सावद्यालाच आहे. शाळेला सुट्टी होती, तेव्हा यंदा सणानंतर आणखी आठवडाभर राहायचंच, असं मी पक्कं केलं होतं.

नवऱ्याचा बेत वेगळा. पुरणपोळी आणि आमरस चापून कूलरसमोर लोळत तो म्हणाला, "एक मॅच होऊन जाऊ दे. तुम्ही भाऊबहीण एकीकडे, मी एकटा. तुम्ही जिंकलात तर तू राहा आठवडाभर. मी जिंकलो तर उद्या सकाळी दोघं धुळ्याला."

टीव्हीला भावाचा क्रिकेटचा गेम जोडलेलाच होता. मी मनातल्या मनात बॅगेतले कपडे काढून कपाटात लावलेसुद्धा. कारण माझा नवरा या गेममध्ये अगदीच ढ, आणि माझा धाकटा भाऊ केळीच्या गाड्या भरून झाल्या की रोज हेच खेळतो. त्याला शिकवलं कोणी? मी!

पाच ओव्हरची मॅच. नवऱ्याने कसेबसे बेचाळीस काढले. आमच्याकडून आधी भाऊ खेळणार आणि विकेट पडली की रिमोट माझ्याकडे येणार, असं ठरलं.

रन चेस करायला काही फार डोकं लागत नाही हो. फील्डर जवळ असले की लॉफ्टचं बटण दाबून त्यांच्या डोक्यावरून मारायचं. ते लांब गेले की मोकळी जागा बघून दोन-दोन पळायचं. त्यात माझा नवरा यॉर्करशिवाय काही टाकतच नाही. बॅट्समनला एक पाऊल पुढे काढलं की त्याच यॉर्करचा फुलटॉस होतो. शेंबडं पोरही मारेल.

आणि हा पठ्ठ्या काय करत होता? टुक. पुन्हा टुक. मध्येच एक रन, की परत टुक.

"अरे, मार ना!"

"सेट होऊ दे, ताई."

"सेट व्हायला ही काय कसोटी आहे? दहा विकेटा आहेत हातात, त्यांचं काय लोणचं घालायचंय?"

बरं, मारत नाहीस तर आऊट तरी हो! तेही नाही. आऊट झाला असता तर रिमोट माझ्या हातात आला असता ना. तीन ओव्हर संपल्या आणि आमचे बारा. नवऱ्याला तर मूठभर मांस चढलं. "बोलिंग सुधारली बरं का माझी," म्हणे. त्यावर आमचे बंधुराज, "दाजी, एक नंबर टाकताय!" माझं डोकंच फिरलं. मी सरळ त्याच्या हातातून रिमोट हिसकावला.

दोन ओव्हर, एकतीस रन. भावाच्या टुकटुकीमुळे नवऱ्याने सगळे फील्डर बॅटसमोर पंगतीला बसवल्यासारखे गोळा केले होते. पुढे पाऊल, लॉफ्ट, सिक्स. परत तेच. मग तो घाबरून सगळ्यांना बाउंड्रीवर पाठवू लागला, तशी मी दोन-दोन पळाले. शेवटच्या बॉलला तीन हवे होते. त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्लो बॉल टाकला. मी दम धरला, टायमिंगची पट्टी हिरवी होऊ दिली आणि दिला भिरकावून. फोर! मी एवढ्या जोरात ओरडले की आई रसाच्या हातानेच बाहेर आली.

"बरं बाई, राहा," नवरा हसत म्हणाला.

आई हसली नाही. "काहून हरवलं वं जवाईबापूले? उद्या सकाळी जाय त्यांच्यासंगं."

"अहो आई, माझी काही हरकत नाही."

"तुमची नाही, पण गल्लीची राह्यते ना. मागल्या साली ही जास्त दिवस राह्यली, तं बाया मले इचारत होत्या, तिकडं काही बिनसलं का म्हणून." एवढं बोलून ती आत गेली. नवरा फोन घेऊन उगाच ओट्यावर जाऊन बसला.

मला रडू फुटलं आणि संताप संताप झाला. जिंकले होते ना मी!

भाऊ गेमची वायर गुंडाळत होता. "यंदा तू जास्त राहायला नको, असं आई सकाळीच बोलली होती मला," तो हळूच म्हणाला. "म्हणून अडवून खेळत होतो. आपण हरलो असतो, तर तू दाजींवर चिडून गेली असतीस, ताई. आता आईवर चिडून जाशील."