आपल्याच शिवारात वाटाड्या

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तो कापला. अनोळखी नंबर, पलीकडे रडणारी मुलगी, "आत्या, बाबा गेले"... रडून पैसे उकळणाऱ्यांच्या बातम्या मी रोज वाचते. पुन्हा आला, पुन्हा कापला. मग वहिनीच्या स्वतःच्या नंबरवरून आला आणि खोटं म्हणायला जागा उरली नाही. पुण्याला, झोपेतच, हृदय बंद पडून गेला. आता महिना उलटून गेलाय.

त्याला हे कळलं असतं तर तो हसला असता. "आमची बेबी देवालेही आधार कार्ड मागन," असं तो माझ्या देखत पाहुण्यांना सांगायचा. दूधवाल्याचं माप असो की भाजीवाल्याचा काटा, तपासल्याशिवाय मी काही घेत नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही. म्हणूनच गेल्या दिवाळीत तो सुट्टीला आमच्याकडे दिग्रसला आला आणि म्हणाला, की एक दिवस रानातून सायकलने फिरायचंय, त्यासाठी गाईड ठरवतोय, तेव्हा माझे कान टवकारले. ज्याने शाळेपासून या शिवारातली एकेक पांदण सायकलने तुडवली, त्याला वाटाड्या कशाला?

त्यात त्याच्या अटी. जवळच्या तांड्यावरची सविता बाहेरच्या पाहुण्यांना अशा फेऱ्या घडवते. तिच्याशी तो समोरच्या खोलीतून फोनवर बोलायचा, मी स्वयंपाकघरातून ऐकायची. तिने पांढरा सदरा घालून पुढे राहायचं. वळणाआधी घंटी वाजवायची. दोन्ही हातांना कोणाचं वावर, कोणतं पीक, विहीर कुठे, धुरा कुठे, सगळं मोठ्याने सांगायचं. मी बाहेर आले की याचा आवाज खाली जायचा... सायकल फिरवणाऱ्याला धुऱ्याशी, शेताच्या बांधाशी काय करायचंय? आमचं वडिलांचं शेत दोघांच्या नावावर आहे, पण कसते मी, आणि माझं घर त्या शेतावरच चालतं. दादा गिऱ्हाइकाला जमीन दाखवायला निघालाय, सायकल नुसतं निमित्त, असं माझ्या मनाने घेतलं. गुपचूप सातबारा काढून पाहिला. नावं जागच्या जागी होती, तरी झोप येईना. भाऊबीजेला ओवाळताना मी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहत होते आणि तो माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी पाहून हसत होता. सख्ख्या बहिणीच्या नजरेला नजर देत नाही, म्हणजे नक्की पाणी मुरतंय, असं मी ठरवून टाकलं.

फेरीच्या सकाळी मी स्कूटी काढली, डांबरी रस्त्याने आधीच शेतात पोचले आणि निंबाखाली उभी राहिले. सौदा बोलतानाच पकडायचं होतं. घंटी ऐकू आली. पुढे सविता, मागे एकटा दादा. तिसरं कोणीच नव्हतं. ती थांबून सांगू लागली, की काका, हे तुमचं वावर, कपाशीची पहिली वेचणी झाली, धुऱ्यावर निंब आहे. दादा उतरला. त्याने सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं... मी काय काय बोलायचं ते जुळवून उभी होते. तो शांतपणे सविताला म्हणाला,

"निंबाखाली कोनी उभं आहे का?"

मीच म्हटलं, "मी आहो, दादा."

मग त्याने सांगितलं. समोरचं, मधलं पुसत चाललं होतं, फक्त कडेकडेचं दिसत होतं. माणसांचे चेहरे गेले होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. सगळंच जायच्या आत एकदा हे रान सायकलवरून पाहायचं होतं. मी त्याच्यावर भयंकर चिडले. अजूनही चिडलेलीच आहे. मला काहून नाही सांगितलं, म्हणून विचारलं.

"तुले सांगतलं असतं तं तू मले सायकलवर बसू देलं असतं का?"

नसतं दिलं. खरं तेच आहे.

परतताना त्याने सविताला मागे राहायला सांगितलं आणि मला स्कूटी पुढे घ्यायला. मी हॉर्न वाजवत, डाव्या हाताला तूर, उजव्या हाताला नाला, असं ओरडत अगदी हळू निघाले. तो येतोय ना ते दिसावं म्हणून उजवा आरसा खाली वाकवला. त्यात त्याचं पुढचं चाक दिसत होतं. रडू आवरताना एकदा मी भलत्याच पांदणीला वळले. तोही मुकाट्याने वळला. कुठे नेतेस, असं त्याने एकदाही विचारलं नाही.

परवा गॅरेजवाल्याने तो आरसा सरळ करायला हात घातला. म्हणाला, ताई, याच्यात मागची गाडी दिसत नाही, नुसता खालचा रस्ता दिसते. मी म्हटलं, मले गाडी पाहाची नाही. राहू दे तसाच.