निळा रंग न घेणाऱ्या पेशी

या सदरातले अनुभव मी वाचते, पण जेवताना तोंडी लावायला. घाटात लिफ्ट मागणारी बाई, उलटे पाय, बंद खोलीतली पैंजणं... जन्मभर प्राणीशास्त्र शिकवलेल्या बाईला यातलं काय पटणार? भुताला सावली नसते म्हणणाऱ्यांना विचारा, मुळात सावली पडते कशी? सांगता येणार नाही. तेव्हा आज मीच इथे लिहायला बसलेय, याचा सगळ्यात जास्त राग मलाच आलाय. पण घरात हे अर्धवट ऐकलेल्या मंडळींनी त्याला आताच हळदकुंकू लावायला घेतलंय. म्हणून जसं घडलं तसं एकदाचं सांगून टाकते.

गाव सांगली. एकाहत्तरच्या युद्धानंतरची दोन-तीन वर्षं. मी एका कॉलेजात शिकवत होते आणि जोडीला पीएच.डी.चं काम करत होते. काम असं — ऊती बर्फात ठेवून थंड साखरेच्या द्रावणात घ्यायची, काचेच्या नळीत काचेच्याच दांड्यानं घोटायची, म्हणजे तिच्यातल्या पेशी फुटतात. मग तो रस सेंट्रिफ्यूजमध्ये गरगरा फिरवायचा. हळू फिरवला की जड भाग तळाला बसतात, जोरात फिरवला की हलके. असे पेशीचे भाग वेगळे काढून मायक्रोस्कोपखाली तपासायचे. ऊती म्हणून मी वार वापरायची, बाळामागून पडते ती. प्रसूतिगृहात नाहीतरी ती फेकूनच देतात.

आमचे विभागप्रमुख सर म्हणजे एक नमुना. दोन्ही हातांत खड्याच्या अंगठ्या, आणि दसऱ्याला सेंट्रिफ्यूजला झेंडूचा हार. 'यंत्र आहे बाई, मान ठेवावा,' म्हणायचे. मान ठेवायचे, पण तेल घालायचे नाहीत.

माझा भाऊ फौजेत, सीमेवर होता. आमचं मूळ घर रहिमतपूरजवळ, उसाच्या पट्ट्यात. वहिनी कुसुमला दिवस गेले तेव्हा तिला मी सांगलीला माझ्याकडे आणलं, कारण गावच्या सुईणीवर माझा काडीचा विश्वास नव्हता. वारेचं मी तिला आधीच विचारून ठेवलं होतं. ती हसून म्हणाली, "न्या की ताई. मला काय तिचं लोणचं घालायचंय?"

दिवस भरायच्या आतच ती बाळंत झाली. मुलगी. तळहातावर मावेल एवढी. नर्सनं वार माझ्या डब्यात ठेवली तशी गावाहून आलेली आई पुढं आली.

"आगं, ती पुरायची असती. निम्मा जीव तिच्यात असतोय लेकराचा."

"आई, निम्मा जीव मोजला कुणी? कुठल्या तराजूत?"

"तू लय शिकलीस बाई," आई म्हणाली. मी डब्यात बर्फ भरला आणि कॉलेजला गेले.

नेहमीसारखं धुतलं, कापलं, घोटलं, फिरवलं. तळाचा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यात निळा रंग सोडला. हा रंग साधी गोष्ट सांगतो. मेलेली पेशी तो पिते आणि निळी होते. जिवंत पेशी त्याला आत घेत नाही, स्वच्छ राहते. घोटल्यावर फुटलेल्या पेशींचा चिखल दिसतो, आणि चुकून अख्ख्या राहिलेल्या थोड्याबहुत पेशी. त्याही लवकरच मरतात. साखरेच्या पाण्यात, फ्रीजमध्ये, कशावर जगणार?

यातल्या अख्ख्या पेशी स्वच्छ होत्या. ठीक, ताज्या असतील. दुसऱ्या दिवशी पाहिल्या — स्वच्छ. मी चिडून पुन्हा घोटल्या, पुन्हा फिरवल्या. तशाच. गोल, नितळ, एकीलाही रंग नाही. त्याच प्रसूतिगृहातून दुसरी वार आणून तोच रंग, तीच नळी वापरली. त्या पेशी रीतसर निळ्या झाल्या. म्हणजे रंग चांगला होता.

सर आले, डोळा लावला, बराच वेळ लावला. म्हणाले, "रंग शिळा आहे."

स्वतः नवा रंग तयार करून आणला. पुन्हा तेच दिसलं. मग म्हणाले, "तुमच्या हातात दोष आहे." अंगठीतल्या खड्यावर विश्वास, पण स्वतःच्या डोळ्यावर नाही... अशा माणसाबरोबर मी विज्ञान करत होते.

इकडे मुलीचं काही खरं नव्हतं. लाकडी पेटीत दिवे लावून, कापसात गुंडाळून ठेवलेली. रडत नव्हती, ओढत नव्हती. नळीनं थेंब थेंब दूध घालायचे. मधेच श्वास थांबायचा, मग नर्स तळपायाला टिचकी मारायची. डॉक्टर कुसुमशी बोलताना तिच्याकडे बघायचे नाहीत, त्यावरून काय ते कळत होतं. मी सकाळी पेटीपाशी, दुपारी मायक्रोस्कोपपाशी. मुलगी मरतही नव्हती, जगतही नव्हती. आणि त्या पेशीही.

सर एक दिवस वैतागून म्हणाले, "अहो, नळी उकळत्या पाण्यात धरा. मरतील, निळ्या होतील, विषय संपला."

बरोबरच होतं. तशी चाचणी घ्यायलाच हवी होती, मी विद्यार्थ्यांना तेच शिकवायची. पाणी उकळायला ठेवलं. नळी चिमट्यात धरली. पाण्यावर नेली...

नाही जमलं. हात खालीच जाईना. मी, जिनं आईला तराजू विचारला होता, ती उकळत्या पाण्यासमोर एखाद्या अडाणी बाईसारखी उभी. 'गॅस संपलाय,' असं सरांना सांगितलं आणि नळी बर्फात परत ठेवली. त्या थापेची नाही, त्या हाताची मला आजही चीड येते.

नंतर एका दुपारी तास संपवून खिडकीशी बसले होते. मायक्रोस्कोपच्या आरशावर छान ऊन होतं. नवी काचपट्टी, नवा थेंब. पेशी नेहमीसारख्या नितळ. मी बघत असतानाच एक निळी झाली. मग शेजारची. मग सगळ्याच, भराभर, जणू कुणी दार उघडून दिलं. काचपट्टी सरकवली, सगळीकडे तेच. नळीतून दुसरा थेंब घेतला, तोही निळा.

मुलगी गेली, एवढंच डोक्यात आलं. ॲप्रन तसाच, रिक्षा मिळेना म्हणून भर उन्हात चालत, शेवटी पळत दवाखान्यात गेले.

जिन्यातच रडणं ऐकू आलं. बारीक, पण रागीट. मला वाटलं कुसुम. रडत होती ती मुलगी. मी वर पोचले तोवर रडणं थांबलं होतं. पेटी उघडी होती, कुसुम भिंतीला टेकून बसली होती आणि मुलगी तिच्या अंगावर पीत होती.

"ताई, आपसूक ओढाय लागली बघा," कुसुम म्हणाली. "लय भुकेली हाय."

"कधीपासून?"

"मगाधरनं."

नर्सला नेमकी वेळ विचारली. तिनं घड्याळ बघितलं नव्हतं. मीही कॉलेजात बघितलं नव्हतं. तेव्हा दोन्ही एकाच क्षणी झालं, असं मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. मुलगी पुढे चांगली धडधाकट झाली.

त्यानंतर कितीतरी वारा घोटल्या. सशक्त बाळांच्या, अशक्त बाळांच्या, एक-दोन न जगलेल्यांच्याही. प्रत्येक वेळी पेशी मरायच्या तेव्हा मेल्या. तेव्हा 'निम्मा जीव' वगैरे नियम काही सिद्ध होत नाही. सर निवृत्त होईपर्यंत 'रंग शिळा होता' म्हणत राहिले. एका ओळखीच्या डॉक्टरांनी 'थकवा असेल' म्हणून मला टॉनिक लिहून दिलं. आईला मी काही सांगितलं नाही, तिनं लगेच नवस बोलला असता.

ज्यांना यात देव दिसतो त्यांनी मला अंगारा पाठवू नये. ज्यांना भास दिसतो त्यांनी आधी मायक्रोस्कोप फोकस करायला शिकावं. खरं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि आजवर भेटलेल्या एकाही शहाण्याकडे नव्हतं. त्या पेशी मेलेल्या असायला हव्या होत्या. मी त्या पाहिल्या आहेत, आणि त्या मेलेल्या नव्हत्या.