उतरलेल्या तापाचे दहा दिवस

ताप चौथ्या दिवशी उतरला. मी उठलो चौदाव्या दिवशी. मधले दहा दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते, हे आता पन्नाशी उलटल्यावर लिहून टाकतो.

डिचोलीच्या घरी आम्ही दोघंच. बायको रोज सकाळची बस धरून पणजीला कचेरीत जाते, म्हणून मला बघायला इब्रामपूरहून वयनी आली. वयनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. आई लवकर गेली, तेव्हा मला हिनंच वाढवलं. आजारी पडावं तर हिच्या हाताखाली. खिडकीपाशी खाट, पाठीला तीन उश्या, दहा वाजता उकड्या तांदळाची गरम पेज आणि लोणच्याची फोड. चार वाजता चहात बुडवून पोदेराकडचा उंडो पाव. दाढी मी मुद्दाम केली नाही. गुळगुळीत गालाच्या माणसाची कोणाला दया येत नाही. वयनी आत आली की डोळे अर्धे मिटायचे, गेली की मोबाइलवर क्रिकेट, आवाज बंद करून. कपाळाला हात लावायची तिची वेळ ठरलेली. त्याआधी पाच मिनिटं डोक्यावरून गोधडी घ्यायची. मे महिन्यात तेवढ्यानं कोणीही तापतो.

ताटात मासे नव्हते, याचं मला नवल वाटलं नाही. आजाऱ्याच्या घरात तळणीचा वास कोण काढील? पण आठव्या दिवशी मासळीवाली दारात ओरडली, "वयनी, बांगडे बघ गो! जून लागलो काय ट्रॉलर बंद. मगे सुक्या सुंगटांचो वास घेत बस."

"आमका नको गो," वयनी म्हणाली. "दीर उठान कामाक जाईसर मी नुस्त्याक हात लावचंय नाय. देवाक सांगललंय."

मी गोधडीखाली गार पडलो. जिच्या घशाखाली कालवणाशिवाय घास उतरत नाही, ती, मी कामावर जाईपर्यंत माशाला शिवणार नाही असं देवाला बोलून, माझ्यापायी आठ दिवस डाळभात गिळत होती. तिथल्या तिथे उठायला हवं होतं. पण उठलो तर चार दिवसांचं नाटकही कबूल करावं लागणार. म्हणून हळूहळू बरं व्हायचं ठरवलं, आणि हळूहळू बरं होण्यात आणखी सहा दिवस गेले. वर शिव्या दिल्या त्या देवालाच. असली गाऱ्हाणी ऐकून घेतोच कशाला? त्याचं काय जातं, त्याचं नारळावर भागतं.

मी कामावर गेलो त्याच दिवशी जून लागला. वयनी बाजारातून रिकामी पिशवी घेऊन परतली. मग श्रावण आला. त्या वर्षी तिच्या पानात धड मासा पडला तो चतुर्थीनंतर.

सहा वर्षं गप्प राहिलो. परवा इब्रामपूरला, ती ओट्यावर तांदूळ पाखडत होती, तेव्हा सगळं एका दमात सांगून टाकलं. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"ताप चवथ्या दिसाक उतारलो, ता माका कळलला. तापललो माणूस आणि गोधडीत घामेजललो माणूस माका वळखाक येना नाय?"

"मग मासे का नाही खाल्लेस?"

"देवाक सांगललंय, तू उठान कामाक जाईसर. तू खंय उठललंस?"

"मग उठवायचं होतंस मला!"

"म्हटलं, बघूया ह्येका लाज कधी येता." सूप तिनं खाली ठेवलं. "सा वर्सां लागली."

तिनं मला रडायलाही सवड दिली नाही. "आज सोमार. फाल्यां इसवण घेवन ये. मोठी."

मंगळवारी बाजार उघडला तेव्हा मी दारातच उभा होतो. वयनीनं इसवण, म्हणजे सुरमई, तळली, मधले जाड तुकडे स्वतःच्या पानात घेतले आणि शेपटीचा तुकडा मला वाढला. मी तो मुकाट्यानं खाल्ला.