उखर्डूचं तोंड

उखर्डू खेड्यापाड्यांतून कपाशी भरायचा आणि अमळनेरच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, नेऊन टाकायचा. गाडीवान म्हणून त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती. तोंड तेवढं भलतंच फाटकं. बोरी नदीच्या वाळूत चाक रुतलं की तो बैलांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. बैलही असे बिलंदर, की शिव्या खाल्ल्याशिवाय पाय उचलायचे नाहीत.

१९२१ साली बायको भिकुबाईसकट त्याने बाप्तिस्मा घेतला. गावाने 'बाटगा' म्हणून हिणवलं, ते त्याने कानाआड केलं. मनाला एकच गोष्ट लागून राहिली. ज्या तोंडाने येशूचं नाव घ्यायचं, त्याच तोंडाने शिव्या कशा द्यायच्या? तेव्हापासून रोज पहाटे, बैल जुंपायच्या आधी, तो गाडीच्या जुवापाशी गुडघे टेकायचा आणि आजचा दिवस तोंड सांभाळ म्हणून देवबापाला विनवायचा. दुपारपर्यंत निभायचं. मग नदीची वाळू लागायची आणि सगळ्यावर पाणी पडायचं.

एकदा त्याने शिवीऐवजी भजन म्हणून पाहिलं. बैल चक्क खाली बसले! मागचे गाडीवान पोट धरून हसले आणि हा बिचारा रडकुंडीला आला. घरी भिकुबाई म्हणाली, नाद सोडा आता, देवाला काय गाडीवानाची भाषा कळत नाही? त्या रात्री तो तिच्याशी बोलला नाही. पहाटे पुन्हा गुडघ्यांवर. अशी वर्षामागून वर्षं गेली. शिव्या कमी झाल्या हे खरं. संपल्या नाहीत हेही खरंच.

म्हणूनच ख्रिस्ती देवळात प्रभुभोजनाचा रविवार आला की उखर्डू दाराशी बसायचा. द्राक्षरसाचा एकच प्याला सगळ्यांत फिरायला लागला, की मान खाली घालून बाहेर निघून जायचा. त्या प्याल्याची त्याला फार ओढ होती. मरायच्या आधी एकदा तरी तो आपल्या ओठाला लागावा, एवढंच त्याचं मागणं होतं.

आधीच्या पाळकांनी त्याला कधी छेडलं नाही. नवे पाळक मगनराव मात्र एका रविवारी भरला प्याला हातात घेऊन थेट दारापर्यंत आले आणि का जाता म्हणून विचारू लागले. उखर्डू दोन पावलं मागे सरला.

"मनं तोंड बाटेल शे," तो म्हणाला. "आज सकायमाच एक शिवी निंघी गयी. मी तोंड लावं, तर बठ्ठासना प्याला बाटी जाई."

आपल्यामुळे सगळ्यांचा प्याला बाटेल, हीच त्याची भीती होती. उखर्डूच्या जातीच्या माणसांना गावच्या विहिरीवर वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घ्यावं लागायचं. आपल्या ओठाने भांडं विटाळतं, हे तो जन्मापासून ऐकत आला होता. ख्रिस्ती झाला, तरी ते मनातून गेलं नव्हतं; जातीच्या जागी शिवी आली होती, एवढंच.

सगळी मंडळी मागे वळून पाहत होती. मगनराव स्वतः अजून प्यालेले नव्हते. त्यांनी प्याला उखर्डूच्या हातात दिला.

"आधी तुम्ही घ्या, उखर्डूभाऊ. तुमच्यामागून मी घेतो."

उखर्डूने एक घोट घेतला. मगनरावांनी प्याला पुसला नाही, फिरवलाही नाही. त्याच कडेला ओठ लावून ते प्याले.